पंप लावण्याआधी

ऑक्युपेशनल हायजीनच्या, म्हणजे कामाच्या जागी आरोग्याला असलेले धोके ओळखून कमी करण्याच्या शास्त्राच्या, प्राथमिक प्रशिक्षणाला येणारे बहुतेक जण यंत्रं शिकायला येतात. मीही त्याच ओढीने गेले होते. रसायनशास्त्र शिकून प्रयोगशाळेत काम केलेलं, मग सुरक्षा विभागात आलेली; कामगाराच्या कमरेला लावायचा, हवेचा नमुना घेणारा पंप, दिवसभरात कानावर पडलेला आवाज मोजणारा डोसीमीटर, वायू ओळखणाऱ्या काचेच्या नळ्या हे सगळं हाताळायला मिळणार याचाच आनंद होता. ते मिळालंही. पण त्या आठवड्यातून मी जे घेऊन आले आणि अजून वापरते, ते यंत्र नव्हतं. कामाच्या जागी नुसतं उभं राहून बघायचं कसं आणि काम करणाऱ्याला विचारायचं काय, हे मी तिथे शिकले. आता नव्या तुकड्यांना मी स्वतः काही तासिका शिकवते. तिथे नक्की काय शिकवतात, असं मला वरचेवर विचारलं जातं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी सुरक्षा आणि आरोग्य यांतला फरक सांगते, कारण आमच्यातल्या अनेकांचा गोंधळ तिथेच असतो. यंत्रात बोट सापडलं की त्या क्षणी सगळ्यांना कळतं. रक्त दिसतं, काम थांबतं, चौकशी होते, नोंदवहीत तारीख आणि वेळ पडते. धुळीचं तसं नसतं. वाळूत आणि दगडात असणाऱ्या सिलिकाची धूळ आज फुप्फुसात गेली तर आज काहीच होत नाही. तिच्यामुळे होणारा फुप्फुसाचा आजार, सिलिकोसिस, दिसायला बहुधा दहा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ लागतो. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग तर २० ते ५० वर्षांनी वर येतो. तोवर माणूस निवृत्त झालेला असतो किंवा दुसऱ्याच कुठल्या कामाला लागलेला असतो, ज्या विभागात तो काम करायचा तो बंद पडलेला असतो, आणि डॉक्टरांसमोर बसलेल्या त्या म्हाताऱ्या माणसाला 'तुम्ही आधी काय काम करायचात?' हे विचारायचं कुणाच्या लक्षात येईलच असं नाही.

हा प्रश्न डॉक्टरांनी विचारलाच पाहिजे, असं लिहून ठेवणारा माणूस तीनशे वर्षांपूर्वी होऊन गेला. बर्नार्दिनो रामाझ्झिनी, इटलीतला वैद्य, जन्म १६३३. कामगारांच्या आजारांवर त्याने १७०० साली ग्रंथ छापला. प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रॅटिसच्या काळापासून रोग्याला जे प्रश्न विचारायची पद्धत होती, त्यांत त्याने आणखी एकाची भर घातली: तुझा व्यवसाय काय? या ग्रंथाची सुरुवात कशी झाली ते त्याने स्वतः सांगितलं आहे. त्याच्या घरचा मैलाकूप उपसायला आलेला एक माणूस जिवाच्या आकांताने घाईघाईत काम करत होता. रामाझ्झिनीला त्याची दया आली. एवढी घाई कशाला, सावकाश कर, असं तो म्हणाला. त्यावर त्या माणसाने मान वर केली आणि सांगितलं की इथे चार तासांहून जास्त थांबलं तर माणूस आंधळा होतो. काम संपल्यावर रामाझ्झिनीने त्याचे डोळे तपासले, ते लालभडक आणि धूसर होते. मग त्याच्या ध्यानात आलं, की गावात भीक मागणाऱ्या अंधांपैकी कितीतरी जण पूर्वी हेच काम करणारे होते.

वर्गात हा प्रसंग सांगताना मी नेहमी एका गोष्टीवर थांबते. डोळ्यांच्या त्या दुखण्यामागे मैल्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असतो, हे आज आपल्याला माहीत आहे. रामाझ्झिनीला वायूचं नाव माहीत नव्हतं, मोजायला काही साधन नव्हतं. धोका कुठे आहे, किती वेळ थांबलं तर काय होतं आणि कशाला होतं, हे सगळं त्या सफाई करणाऱ्याला ठाऊक होतं. कमी होती ती फक्त विचारणाऱ्याची.

प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी चार पायऱ्या फळ्यावर लिहिल्या जातात: अंदाज, ओळख, मूल्यमापन, नियंत्रण. काम सुरू होण्याआधीच कशापासून अपाय होऊ शकेल याचा अंदाज घ्यायचा. प्रत्यक्ष जागेवर जाऊन तो धोका ओळखायचा. किती आहे ते ठरवायचं. आणि मग तो कमी करायचा. प्रत्यक्षात बहुतेकांचा सगळा जोर तिसऱ्या पायरीवर असतो, कारण तिथून आकडे येतात आणि आकड्यांचा अहवाल होतो. माझं ठाम मत असं आहे, की नवख्या माणसाने सगळ्यांत जास्त वेळ दुसऱ्या पायरीवर घालवावा.

आमच्या शिक्षकांनी तो घालवायला लावला. आम्हाला एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, नेलं आणि सकाळभर एकही यंत्र हातात दिलं नाही. वही आणि पेन्सिल. दोघादोघांनी एकेका कामाजवळ उभं राहायचं, एक पूर्ण फेरा बघायचा, मग आणखी एक, आणि जे दिसेल ते लिहायचं. मला आणि माझ्या जोडीदाराला फेटलिंग मिळालं, म्हणजे ओतून निघालेल्या कास्टिंगवरची चिकटलेली वाळू आणि जादा धातू ग्राइंडरने घासून काढण्याचं काम.

पहिल्या फेऱ्यात आम्ही लिहिलं: धूळ, आवाज, ठिणग्या. हे कुणीही लिहिलं असतं. शिक्षक मागून आले, वही बघितली आणि म्हणाले, "ही खोलीतल्या वस्तूंची यादी झाली. तो काय करतोय ते लिहा." मग आम्ही माणसाकडे बघायला लागलो. तो कास्टिंगवर वाकून घासत होता, त्यामुळे चाकावरून निघालेली धूळ थेट त्याच्या तोंडासमोरून वर जात होती. धूळ ओढून घेणारा हूड बाकाच्या डाव्या बाजूला बसवलेला होता, पण जड नग फिरवायला सोपं जावं म्हणून तो उजवीकडे सरकून उभा राहायचा. त्याच्या पाठीमागे एक मोठा पंखा होता. पंख्याचा झोत त्याच्या पाठीवरून येऊन बाकावर आपटायचा आणि हूडकडे निघालेली धूळ मध्येच उधळून टाकायचा. ग्राइंडरच्या मुठीला त्याने चिंध्या गुंडाळल्या होत्या. फेरा संपला की कॉम्प्रेसरच्या नळीने हवा मारून तो बाक साफ करायचा, आणि जाता जाता तीच नळी स्वतःच्या कपड्यांवरही फिरवायचा.

जेवणाच्या सुट्टीआधी मी त्याला विचारलं, "दादा, पंखा उलट्या बाजूला लावला तर?" तो म्हणाला, "ताई, मागे भट्टी आहे. पंखा हलवला तर दहा मिनिटांत अंग भिजतं." मग आपणहून पुढे म्हणाला, की खरा त्रास इथे नाहीच, शनिवारी डक्ट, म्हणजे हूडने ओढलेली हवा वाहून नेणारा नळ, साफ करायला आत शिरावं लागतं तो आहे.

या एका संवादात मला जे मिळालं, ते कुठल्याही मीटरवर दिसलं नसतं. एक, धूळ कमी करायची तर आधी उष्णता कमी करावी लागेल. भट्टी आणि बाक यांच्यामध्ये आडोसा उभा करा, मग पंखा आपोआप नको होईल. दोन, सगळ्यांत वाईट काम आठवड्यातून एकदाच होतं आणि ते आमच्या भेटीच्या दिवशी होणार नव्हतं. तीन, मुठीवरच्या चिंध्यांचा अर्थ यंत्राचं कंपन त्याच्या हाताला सहन होत नव्हतं. कामगाराने स्वतःच्या हाताने केलेली प्रत्येक जुगाडाची सोय हा त्याने लिहिलेला अहवालच असतो. तोंडाला बांधलेलं फडकं, झरोक्यात खोचलेला पुठ्ठा, उभं राहायला ठेवलेलं खोकं, कानात घातलेला कापूस. हे सगळं टिपून घ्यायचं. त्याबद्दल त्यांना टोकायचं नाही, कारणं विचारायची.

दुपारी शिक्षकांनी एक दिवा आणला. धुळीचा दिवा म्हणतात त्याला, प्रखर आणि अरुंद झोताचा. तो बाकाच्या पलीकडे ठेवायचा, दिव्याचा उजेड थेट डोळ्यांत येणार नाही असा आडोसा करायचा आणि धुळीतून दिव्याच्या दिशेने बघायचं. एरवी स्वच्छ वाटणाऱ्या हवेत पांढुरक्या धुळीचा एक लोट दिसू लागला. तो चाकापासून निघून त्या दादांच्या छातीवरून, हनुवटीवरून वर चढत होता आणि हूडच्या तोंडापासून हातभर अंतर राखून निघून जात होता. त्यांनी काम थांबवून तो स्वतः बघितला आणि लगेच डावीकडे सरकून घासून पाहिलं. लोट हूडकडे वळला. पंखा बंद केल्यावर आणखी वळला. एक पैसाही खर्च न करता, एकही नमुना न घेता, नियंत्रणाचा निम्मा आराखडा तिथेच तयार झाला होता, आणि तो करणाऱ्यांत ते स्वतः होते.

धूळ दिसत का नाही, याचं उत्तर तिच्या आकारात आहे. नुसत्या डोळ्यांना साधारण ५० मायक्रोमीटरहून लहान कण दिसत नाही (एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). बाकावर साचते, बोटाला लागते, ती जाड धूळ. ती नाकात-घशात अडकते आणि शिंकेबरोबर किंवा खाकरून बाहेर पडते. फुप्फुसातल्या शेवटच्या वायुकोशांपर्यंत पोचणारे कण दहा मायक्रोमीटरच्या आतले, त्यातही चारच्या आसपासचे आणि त्याहून बारीक. म्हणूनच नमुना घेताना पंपाच्या पुढे सायक्लोन नावाचा छोटा भाग लावतात. हवा त्यात गरगरते, जाड कण खाली पडतात आणि बारीक कण फिल्टरवर जमतात. पंप कमरेला असला तरी सायक्लोन आणि फिल्टर कामगाराच्या श्वासाच्या टापूत, म्हणजे नाकातोंडापासून सुमारे ३० सेंटिमीटरच्या आत लावायचा असतो. भिंतीवर टांगलेला नमुना भिंत काय श्वास घेते ते सांगतो.

आता किती धुळीने अपाय होतो ते बघा. अमेरिकेत २०१६ साली ठरवलेली स्फटिकरूप सिलिकाची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने दर घनमीटर हवेत ०.०५ मिलिग्रॅम आहे. कष्टाचं काम करणारा माणूस एका पाळीत साधारण १० घनमीटर हवा आत घेतो. म्हणजे मर्यादेवर काम करणाऱ्याच्या श्वासातून दिवसभरात अर्धा मिलिग्रॅम सिलिका जाते, साखरेच्या एका बारीक दाण्याएवढी. वर्गात मी हा हिशेब मुद्दाम फळ्यावर करून घेते, कारण 'धूळ तर थोडीशीच आहे' हे वाक्य त्यानंतर कुणी उच्चारत नाही. मर्यादेच्या आत आहे म्हणजे निर्धास्त, असंही नव्हे. असे आकडे ठरवणाऱ्या तज्ज्ञांनीच म्हटलंय की त्यांच्याकडे सुरक्षित आणि असुरक्षित यांच्यामधली रेघ म्हणून बघू नये.

आणि सरासरी फसवते. समजा, एक माणूस दोन तास फेटलिंग करतो आणि तिथे ०.२० मिलिग्रॅम आहे. उरलेले सहा तास तो नग मोजतो, तिथे ०.०२ आहे. दिवसाची सरासरी ०.०६५ येते, मर्यादेच्या वर. तुम्ही दुपारी पोचलात, नग मोजण्याच्या जागी तासभर पंप लावलात, तर अहवालात ०.०२ लिहाल आणि सगळं ठीक आहे असं सही करून सांगाल. त्याच्या दिवसभराच्या धुळीपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त ज्या दोन तासांत गेली, ते दोन तास तुमच्या अहवालात नसतीलच. यंत्र बिघडलेलं नसेल, कॅलिब्रेशन (पंपाच्या अचूकतेची तपासणी) आधी आणि नंतर दोन्ही वेळा चोख असेल, प्रयोगशाळेचा निकाल बरोबर असेल, आणि तरीही उत्तर चुकीचं असेल. बघण्यात आणि विचारण्यात वेळ घालवा असं मी म्हणते ते यासाठी. नमुना कधी, कुणाचा, किती वेळ घ्यायचा हे फक्त काम बघूनच ठरतं.

वासाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण अनुभवी माणसंही नाकावर भरवसा ठेवतात. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास अगदी कमी प्रमाणातही येतो, पण प्रमाण शंभर पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास गेलं की वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास गेला म्हणून वायू गेला असं समजून माणूस टाकीत उतरतो, आणि त्याला काढायला दुसरा उतरतो. कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. बेन्झिन या द्रावकाचा गोडसर वास जाणवेपर्यंत बऱ्याचदा त्याची मर्यादा ओलांडलेली असते. बंदिस्त जागेत उतरण्याआधी मात्र मोजायचंच, वरून, मधून आणि तळाशी. तिथे माझा सगळा 'आधी बघा' बाजूला राहतो. तिथे मीटरशिवाय पाऊल नाही.

नियंत्रणाची उतरंड बहुतेकांना पाठ असते. धोका काढूनच टाका. ते जमत नसेल तर कमी अपायकारक पर्याय वापरा. मग यंत्राने, हवेच्या योजनेने, आडोशाने अडवा. मग कामाच्या पद्धती आणि वेळा बदला. आणि अगदी शेवटी मास्क, हातमोजे, कानातली बोंडं. पाठ असूनही कारखान्यात सुरुवात शेवटापासून होते, कारण मास्क उद्या आणता येतो.

मास्कचा एक हिशेब मी प्रत्येक तुकडीला घालते. समजा, तुमचा मास्क धूळ दहापट कमी करतो. आठ तास तो तोंडावर असेल तर बाहेरच्या धुळीचा दहावा भाग आत जाईल. आता पाणी पिताना, बोलताना, घाम पुसताना मिळून एक तास तो खाली उतरला. त्या एका तासात पूर्ण धूळ आणि सात तासांत दहावा भाग, असा हिशेब केला तर दिवसाची सरासरी बाहेरच्या धुळीच्या २१ टक्के येते. दहापट संरक्षण पाचपटीच्याही खाली आलं. आणि हे मास्क चेहऱ्याला घट्ट बसतो असं धरून. दाढीचे खुंट असतील, नाकाची पट्टी नीट दाबलेली नसेल, तर हवा फिल्टरमधून जाण्याऐवजी बाजूच्या फटीतून जाते. यात कामगाराचा दोष शोधणाऱ्यांना मी सांगते, की बोलण्याची गरज असलेल्या, घाम येणाऱ्या माणसाला आठ तास तोंड बांधून काम करायला लावणारी व्यवस्था आधी तपासा.

ओलं करून काम करा, हा उपाय किती साधा आहे आणि तो टाळल्याने काय होतं, हे हॉक्स नेस्टच्या बोगद्याने दाखवलं. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात १९३० साली नदीचं पाणी वीजनिर्मितीसाठी वळवायला डोंगरातून बोगदा खणायला घेतला. वाटेतला खडक जवळजवळ शुद्ध सिलिकाचा होता. पाणी मारून छिद्रं पाडली तर धूळ बसते, हे तेव्हाही ठाऊक होतं, पण कोरडं ड्रिलिंग भराभर होतं. मजुरांत बहुतेक काम शोधत दुरून आलेले कृष्णवर्णीय होते. दहा-वीस वर्षांनी होणारा आजार त्यांना काही महिन्यांत झाला आणि शेकडो माणसं मेली. १९३६ साली अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे याची सुनावणी झाली. ज्यांच्या हाती निर्णय होता, त्यांना धुळीची माहिती होती. निर्णयात वेगाला वजन मिळालं. हे शिकवताना माझा आवाज अजूनही चढतो आणि तो मी आवरत नाही.

हवा ओढण्याच्या योजनेबद्दल सगळ्यांत उपयोगी धडा एका मेणबत्तीने शिकवता येतो. हातभर अंतरावरची ज्योत फुंकून विझते. तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून ती विझवून दाखवा. कुणालाच जमत नाही, कारण फुंकर एका दिशेने जाते आणि ओढलेली हवा चहूबाजूंनी येते. डक्टच्या तोंडापासून त्याच्या व्यासाइतकं दूर गेलं की ओढ साधारण दहा टक्क्यांवर येते. १५ सेंटिमीटर रुंद डक्ट असेल तर १५ सेंटिमीटरवरच खेळ संपतो. मोठा ब्लोअर मागवण्याआधी हूड एक वीत जवळ आणून बघा. हे सांगितल्यावर अभियंत्यांचे डोळे चमकतात, कारण हे त्यांना करता येण्यासारखं असतं.

आवाजाचं थोडक्यात सांगते. डेसिबल साध्या बेरजेने वाढत नाहीत. ८५ डेसिबलचं एक यंत्र चालू असताना तसंच दुसरं सुरू केलं तर ८८ होतात. आणि हे तीन डेसिबल वाढले की कानाला सोसणारा वेळ निम्मा होतो: ८५ ला आठ तास, ८८ ला चार, ९१ ला दोन, ९४ ला एक. हाताच्या अंतरावर उभ्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल, तर तुम्ही ८५ च्या आसपास किंवा वर आहात असं धरून चाला. नुकसान आधी ४००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे उंच पट्टीचे आवाज ऐकण्यात, होतं, रोजच्या बोलण्यात ते लवकर कळत नाही, आणि कानातल्या ज्या केसपेशी गेल्या त्या परत येत नाहीत.

नाकातून जातं तेवढंच आत जातं असंही नाही. हाताचं ग्रीस काढायला थिनर वापरणारे मी कितीतरी पाहिले. द्रावक कातडीतून आत उतरतं आणि जाताना कातडीचं तेलही घेऊन जातं. शिसं हातावरून तोंडात जातं, कपड्यांवरून घरी जातं, आणि घरातल्या लहान मुलांना ते मोठ्यांपेक्षा जास्त बाधतं. त्यामुळे हात धुवायची सोय, वेगळी जेवणाची खोली आणि कामाचे कपडे तिथेच धुण्याची व्यवस्था या माझ्या दृष्टीने कल्याणकारी योजना नाहीत, ती नियंत्रणं आहेत.

शिशाचा विषय निघाला की ॲलिस हॅमिल्टन यांच्याबद्दल बोलल्याशिवाय माझी तासिका संपत नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यासाठी १९१० च्या सुमारास त्यांनी शिशाच्या कारखान्यांची पाहणी केली. पुढे १९१९ साली हार्वर्ड विद्यापीठात नेमल्या गेलेल्या त्या पहिल्या स्त्री अध्यापक. एकदा शिशाच्या विषबाधेचा एक रोगी त्यांना सापडला, तो बाथटबना एनॅमल, म्हणजे काचेसारखा मुलामा, चढवण्याच्या कारखान्यात होता. त्या कारखान्यात गेल्या तर तिथे शिशाचा मागमूस नव्हता, आम्ही ते वापरतच नाही असं सांगण्यात आलं. मग हॅमिल्टन त्या कामगाराच्या घरी गेल्या. त्याने सांगितलं, की तुम्हाला दाखवलं ते शेवटचं किरकोळ काम, खरं एनॅमल दुसऱ्याच जागी चढतं. तिथे गेल्यावर त्यांना दिसलं: भट्टीतून लालभडक टब बाहेर येतो, आणि माणसं त्याच्यावर चाळणीने शिसं असलेली एनॅमलची पूड भुरभुरवतात, तिच्याच धुळीत श्वास घेत. रुग्णालयातल्या नोंदी आणि घरोघरच्या गप्पा यांतून त्यांनी जे उभं केलं, त्यासाठी त्यांच्याकडे कारखान्यात शिरण्याचा कायदेशीर अधिकारसुद्धा नव्हता.

प्राथमिक प्रशिक्षणात उष्णता आणि कंपन यांना फार कमी वेळ मिळतो, ही माझी तक्रार आहे. उष्णतेचा निर्देशांक काढताना, ऊन नसलेल्या छताखालच्या जागेत, ०.७ वजन ओल्या बल्बच्या (ओलं कापड गुंडाळलेल्या थर्मामीटरच्या) तापमानाला असतं आणि ०.३ काळ्या गोळ्याच्या (आजूबाजूची धग टिपणाऱ्या थर्मामीटरच्या) तापमानाला. म्हणजे घाम वाळतो की नाही यावर बरंचसं अवलंबून. हे कळलं की दमट जागेत नुसतं थर्मामीटर बघून भागत नाही हे कळतं. कंपनाने बोटं पांढरी पडतात, बधिर होतात, आणि माणूस ते थंडीवर ढकलतो. मी आता फेटलिंगच्या माणसाला भेटले की बोटांचं आधी विचारते.

प्रशिक्षणाला जाणार असाल तर तयारी म्हणून एक करा. तुमच्या कामाच्या ठिकाणचं एकच काम निवडा आणि ते सुरुवातीपासून साफसफाईपर्यंत पूर्ण बघा, रात्रपाळीतही एकदा बघा. काम करणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: यातलं कुठलं काम नकोसं वाटतं, घरी गेल्यावर काय दुखतं किंवा खुपतं, आणि तुमच्या हातात असतं तर काय बदललं असतं. उत्तरं त्याच्याच शब्दांत लिहा. ती वही वर्गात घेऊन या. प्रत्येक प्रकरण शिकताना तिच्यात काहीतरी सापडेल.

आणि पुढे बदल झाला, हूड सरकवला, आडोसा उभा राहिला, की पुन्हा मोजा: तेच काम, तेवढाच वेळ, शक्यतो तोच माणूस. पहिल्या आणि दुसऱ्या वेळचे आकडे एका कागदावर शेजारी-शेजारी लिहा आणि आधी त्याला दाखवा, वरच्या मजल्यावर नंतर पाठवा. पंप त्याने दिवसभर अंगावर वागवलेला असतो. निकाल काय आला हे त्याला सांगायचं राहून जातं, असं मी फार ठिकाणी पाहिलंय. माझ्या तुकडीतल्या प्रत्येकाकडून मी ते कबूल करून घेते.